पळून गेलेल्या नाटकवाल्याची पोर

सावलीच्या आठवडी बाजारात धुरपताबाई लोनबले वांगी, टमाटर आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसायची. तिच्याशी कुणी गोड बोललं की ती आधी मागे वळून पाहायची. हा माणूस दुसऱ्याच कुणाशी बोलत असेल, असं तिला वाटायचं. मागे कुणी दिसलं नाही, की मात्र ती सावध व्हायची आणि म्हणायची, "काम सांग तुझं." वैद्याने दिलेली पुडी ती उघडून हुंगल्याशिवाय घरात नेत नसे. सोयरीक घेऊन आलेल्या माणसाला ती ओसरीवर चहा द्यायची आणि तो चहा पितो तोवर त्याच्या गावच्या दुसऱ्या कुणाला गाठून त्याची चौकशी करून यायची. तिची सून आशा हसून म्हणायची, "माय, तुमी देवालेही एकडाव इचारसान, खरंच देव हायेस का मून!"

धुरपताबाई हसायची नाही. "इचारलं तर का बिघडते?"

हा स्वभाव काही तिला जन्मासोबत मिळाला नव्हता. सात वर्षांची होती तेव्हा तो तिला जडला. तिचा बाप श्रीहरी गुरनुले. मळा राखायचा, पण खरा जीव नाटकात. धान निघालं, शंकरपटाचे बैल पळायला लागले, की वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत श्रीहरीची नाटकं उभी राहायची. तो स्वतः लिहायचा, स्वतः गाणी बांधायचा, तालमी घ्यायचा. तळं बांधणाऱ्या, पण ज्याच्या तळ्यात पाणी टिकत नाही अशा राजाचं त्याचं नाटक तर असं गाजलं होतं की माणसं बंड्या जुंपून, लेकरंबाळं घेऊन दूरदुरून यायची.

एका सकाळी धुरपता उठली तर बाप घरात नव्हता. आई सीता चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "बाबा नाटकाले गेले." धुरपता वाट पाहत राहिली. रोवणी झाली, कापणी झाली, बाप आला नाही. मग विहिरीवर बायका बोलू लागल्या की श्रीहरी नागपूरकडच्या एका नाचणारीसोबत पळाला. धुरपता रडत घरी आली. "माय, खरं हाय का?" सीता काहीच बोलली नाही. होय नाही आणि नाही नाही.

त्या दिवसापासून साध्या बोलण्यावरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच. चौदाव्या वर्षी लग्न झालं, तिथेही ती पळपुट्याची पोर. भाजीत मीठ जास्त पडलं तरी सासू तेच म्हणायची. नवरा मेला, लेक मोठा झाला, सून आली. पण गावात कुठे नाटकाचा पडदा बांधला गेला की धुरपताबाई दार लावून घरात बसायची.

तर अशा बाईच्या अंगणात सत्याऐंशी सालच्या हिवाळ्यात चंद्रपूरचे एक प्राध्यापक येऊन उभे राहिले. नाव भैयाजी वासेकर. बसस्टॉपपासून चालत आले होते, चपलांवर धूळ, खांद्याला झोळी. बापाचं नाव घेऊन त्यांनी नमस्कार केला, तेव्हाच धुरपताबाईच्या कपाळावर आठी चढली.

"बाई, तुमच्या वडिलांच्या पहिल्या नाटकाला यंदा साठ वर्षं होतात. त्यांच्या सन्मानार्थ आम्ही चंद्रपूरला एक संध्याकाळ ठेवली आहे. त्यांच्या नाटकांतले उतारे वाचायचे आणि मधेमधे पियानो."

"ते का असते?"

"मोठी पेटी असते बाई. विलायती. खाणीच्या जुन्या क्लबात एक पडून होती, ती नीट करून घेतली. नागपूरहून एक बाई येणार आहेत वाजवायला, सुवार्ताबाई म्हणून. फार मोठ्या वाजवणाऱ्या आहेत."

"आमच्या बाबाच्या नाटकात ढोलकी होती, तुणतुणं होतं. विलायती पेटीचं का काम?"

"त्या बाईंचीच इच्छा आहे," भैयाजी म्हणाले. "खरं सांगायचं तर हा कार्यक्रम त्यांनीच सुचवला. आणि त्यांनीच मला सांगितलं, की श्रीहरी गुरनुल्यांची एक मुलगी असेल, धुरपता नावाची, तिला शोधून आणा."

धुरपताबाई हातातली वांगी तशीच धरून उभी राहिली. "त्या बाईले माझं नाव कसं मालूम?"

भैयाजी गडबडले. "लहानपणी त्यांनी तुमच्या वडिलांची गाणी ऐकली होती म्हणे. कुठे, ते काही नीट सांगत नाहीत."

"तिचं वय काय?"

"असेल पन्नाशीच्या थोडी पुढे."

धुरपताबाईने मनातल्या मनात हिशोब केला. आपल्याहून चार-पाच वर्षांनी धाकटी. म्हणजे बाप गेला तेव्हा ही दोन-तीन वर्षांची असणार. बापाचा तिकडे आधीपासूनच संसार असेल तर? नाचणारीला पोर झाली असेल, म्हणूनच तो गेला असेल. तीच पोर आता बापाचं नाव मिरवायला निघाली आहे, आणि पहिल्या घरच्या पोरीला पुढच्या रांगेत बसवून दाखवणार आहे, की बघ, बाप माझा होता.

"येतो," ती म्हणाली. भैयाजींना आनंद झाला. तो आनंद त्यांनी उगाच करून घेतला.

गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचा थोरला भाऊ रामाजी राहायचा. बापाचा मळा सोडून तो सासुरवाडीच्या जमिनीवर, धुरपताबाईच्या याच सासरगावी येऊन वसला होता. बापाचं नाव त्याने कधी तोंडातून काढलं नाही. श्राद्ध नाही, फोटो नाही. त्याला फार राग आहे, असं सारे धरून चालत. धुरपताबाईने त्याला चंद्रपूरची गोष्ट सांगितली तेव्हा तो बैलाला पेंड घालत होता. त्याचा हात थांबला.

"जाऊ नको."

"काऊन?"

"मेलेल्या मानसाले उकरून का भेटते? माझ्या नातीची सोयरीक जुळून राह्यली. लोकं पुन्हा तेच बोलतीन."

"तू ओळखतेस का त्या बाईले?"

"मी कायले ओळखू?" रामाजी इतक्या जोरात बोलला की बैल दचकला. एवढं ओरडण्यासारखं काय विचारलं आपण, याचा विचार करतच धुरपताबाई घरी आली. तो विचार तिने मनात राखून ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी आशाला सोबत घेऊन ती एस.टी.ने चंद्रपूरला गेली. दिवस मावळायला आला होता. कॉलेजचा हॉल भरलेला. वकील, मास्तर, खाणीतले साहेब, त्यांच्या नटलेल्या बायका. धुरपताबाईला पहिल्या रांगेत बसवलं. खुर्ची मऊ होती. तिने आधी हाताने दाबून पाहिली, मग टेकली.

स्टेजवर बापाचा फोटो नव्हता, कारण बापाचा फोटो निघालाच नव्हता कधी. एका बाजूला कपाटाएवढी काळी पेटी. तिच्यापुढे स्टुलावर पांढऱ्या लुगड्यातली, चष्मा लावलेली, केस घट्ट बांधलेली एक बाई. धुरपताबाईने तिचं नाक पाहिलं, कपाळ पाहिलं, कानाच्या पाळ्या पाहिल्या. बापाचा चेहरा तिला आता नीट आठवत नव्हता, त्यामुळे तिने रामाजीचा चेहरा डोळ्यांपुढे आणून ताडून बघितलं. कधी वाटे जुळतो, कधी वाटे काहीच जुळत नाही.

"आशा, तिचे कान पाह्य. रामाजीसारखे हायेत का?"

"माय, कानं त सायऱ्याईचेच सारखे असतेत."

मग वाचन सुरू झालं. एका वकिलाने तळ्याच्या राजाचं भाषण वाचलं. भाषा झाडीपट्टीची, गावाकडची, पण तोंड शहराचं. 'मले' म्हणताना तो जरासा हसल्यासारखा करायचा आणि लोकही हसायचे. राजा तिथे आपल्या पोराला बळी द्यायचं म्हणत होता, आणि हॉल हसत होता! धुरपताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हे असं आहे तर. आपल्या बापाची गंमत करायला बोलावलंय सगळ्यांना. ती उठायला निघाली, आशाने पदर धरून बसवलं.

नंतर एका कॉलेजच्या मुलीने राणीचा विलाप वाचला. ती मुलगी पोंभुर्ण्याकडची असावी, कारण शब्द तिच्या तोंडात घरच्यासारखे बसत होते. कुणी हसलं नाही. धुरपताबाईने पहिल्यांदाच बापाच्या नाटकातलं काही कानभरून ऐकलं. चांगलं होतं ते. चांगलं आहे हे कळल्यावर तिला आणखीच राग आला, की एवढं चांगलं लिहिणारा माणूस एवढा वाईट कसा.

मधे भैयाजी उभे राहून जीवनवृत्तांत सांगू लागले. "...आणि मग हा मनस्वी कलावंत घरदार सोडून एका नाटकमंडळीसोबत निघून गेला..." मनस्वी शब्द धुरपताबाईला कळला नाही, पण 'सोडून' कळला. आणि तेवढ्यात तिला दिसलं, की पियानोपुढच्या त्या बाईने मान खाली घातली. लाजेने घालतात तशी नाही. खोटं ऐकून गप्प बसणारं माणूस घालतं तशी. अशी मान धुरपताबाईने जन्मभर पाहिली होती, आपल्या आईची.

मग सुवार्ताबाई वाजवू लागल्या. आधी एक विलायती शास्त्रीय चीज. सावकाश, एकेक सूर सुटा, पाऊस थांबल्यावर कवेलूंवरून पितळी भांड्यात थेंब पडत राहावेत तसा. धुरपताबाईला ते कळत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. तिचं लक्ष त्या बाईच्या बोटांकडे होतं. ती चीज संपली, टाळ्या झाल्या, आणि मग कागदात कुठेही नसलेली एक चाल त्या बाईने धरली. शब्द नाहीत, नुसती चाल.

धुरपताबाईच्या ओठांवर त्या चालीचे शब्द आपोआप आले.

नीज माझ्या धुरे, धान झोपले पुरे.

हे कुठल्या नाटकातलं नव्हतं. रात्री अंगणात बाजेवर निजवताना बाप म्हणायचा ते होतं. ते चार माणसांनी ऐकलेलं: बाप, आई, रामाजी आणि ती. आणि आता विलायती पेटीतून ते पाचव्या माणसाच्या हाताने येत होतं. आता शंकेला जागाच उरली नाही. बापाने तिचं गाणंदेखील त्या दुसऱ्या पोरीला दिलं होतं.

शेवटी तिला स्टेजवर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. "दोन शब्द बोला बाई," भैयाजी म्हणाले. "मी बोलत नाई," ती म्हणाली आणि खाली उतरली. लोक चहाकडे वळले. स्टेजच्या मागच्या खोलीत सुवार्ताबाई चष्मा पुसत उभ्या होत्या. धुरपताबाईने आशाला दाराबाहेर थांबवलं आणि दार लोटून घेतलं.

"तुझी माय कोण?"

"तुम्ही धुरपता," त्या बाई म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.

"मी कोण ते मले मालूम हाय. तू सांग. तुझी माय कोण, तुझा बाप कोण? ते गाणं तुले कोनं देल्लं?"

"गाणं त्यांनीच दिलं. पण बाई, ते माझे वडील नव्हते. माझे वडील कंपाउंडर होते. वैनगंगेच्या पलीकडे, जंगलात मिशनचा दवाखाना होता, तिथं."

"कशाचा दवाखाना?"

सुवार्ताबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "महारोग्यांचा."

चहाच्या कपबशांचा आवाज बाहेरून येत होता. धुरपताबाई भिंतीला टेकली नाही, खुर्चीतही बसली नाही. तशीच उभी राहिली.

"खोटं."

"सहा वर्षं होते ते तिथं. मी तीन वर्षांची होते ते आले तेव्हा, आणि नऊ वर्षांची, ते तिथंच वारले तेव्हा. डॉक्टरांच्या बायकोचा पियानो होता. रविवारी संध्याकाळी त्या वाजवायच्या, मला शिकवायच्या. तुमचे वडील बाहेर खिडकीखाली लिंबाच्या झाडापाशी बसून ऐकायचे. मघाशी पहिली वाजवली ना, ती त्यांची आवडती. ती झाली की ते बाहेरून आपलं गाणं म्हणायचे आणि मी आतून पेटीवर ते सूर शोधायचे. चुकले की ते बाहेरून ओरडायचे, 'चुकली वो पोरी, पुन्हा धर!'"

"नाचणारीसोबत गेल्ता तो. सारं गाव सांगते."

"कोणी नाचणारी नव्हती बाई. नाटक होतं, तेही तिथल्या रोग्यांचं. त्यांनीच बसवलेलं. राजाच्या हाताला बोटं नव्हती, तर तलवार चिंधीनं मनगटाला बांधायचे. माझे वडील सांगायचे, असा राजा पुन्हा पाहिला नाही."

धुरपताबाईने शेवटचा घाव घालून पाहिला. "तू त्याची पोर नाईस हे मी कशावरून मानू? एवढी माया लावून गाणं कोण शिकवते परक्याच्या पोरीले?"

"माया असेल," सुवार्ताबाई म्हणाल्या. "पण त्यांनी मला एकदाही हात लावला नाही. कुणालाच लावायचे नाहीत. मी जवळ धावत गेले की काठी आडवी धरायचे. म्हणायचे, 'घरी माझी धुरा हाय, तिलेही मी असाच दूर ठेवत होतो. ते रुसली माझ्यावर.'"

हे मात्र कुणी शिकवून सांगण्यासारखं नव्हतं. जाण्याआधीच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात बाप तिला कडेवर घेईना, जवळ निजवेना. वेगळ्या ताटात, ओसरीच्या कोपऱ्यात जेवायचा. गाणं म्हणायचा तेही दूर बसून. ती खरंच रुसली होती. त्याच्याशी न बोलताच झोपली होती. पन्नास वर्षांत हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

ती आता खाली बसली, जमिनीवर, दाराला पाठ लावून. सुवार्ताबाई लुगडं सावरून तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"आतापर्यंत कुठी होतीस?" धुरपताबाईने विचारलं.

"त्यांनी सांगितलं होतं, घरी कळू देऊ नका, पोरीबाळींची लग्नं व्हायची आहेत. मग माझी हिंमत झाली नाही. आता भैयाजींनी पेपरात लिहिलं, की ते एका बाईसोबत पळाले. ते वाचून मला राहवेना. पण भैयाजींना मी खरं सांगितलेलं नाही. ते सांगायचं का नाही, हे तुमचं आहे, माझं नाही."

त्या रात्री सासू-सुना आशाच्या आतेबहिणीकडे राहिल्या. सकाळच्या पहिल्या गाडीने धुरपताबाई गावी उतरली आणि घरी न जाता तडक रामाजीकडे गेली. तो बांधावर दात घासत बसला होता. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, "रामाजी, बाबा पळून नव्हते गेले. त्यायले महारोग झाल्ता. मिशनच्या दवाखान्यात मेले ते."

रामाजीने चूळ भरली. पाणी थुंकलं. मग म्हणाला, "आता कायले काढतेस ते?"

तोच क्षण. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं, पण ही जन्मभर माणसांचे शब्द हुंगून घेणारी बाई होती. बाप महारोगाने मेला असं सांगितल्यावर लेक काय विचारील? कोनं सांगतलं, विचारील. कुठी, विचारील. कधी, विचारील. याने काहीच विचारलं नाही.

"तुले मालूम होतं," ती म्हणाली.

रामाजी उठू लागला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवला.

"तुले मालूम होतं, रामाजी."

"मायनं शपथ घातली होती." त्याचा आवाज एकदम बारक्या पोरासारखा झाला. "बाबाले नेऊन सोडलं ते मीच. बारा वर्साचा होतो. मायनं म्हटलं, सांगशीन त धुरीचं लगन नाई होणार, गाव विहिरीवर पानी नाई भरू देणार."

"आन् ते नाचणारी?"

"ते मायनंच उठवली. आपल्या तोंडानं सांगतलं विहिरीवर."

धुरपताबाईला ते सारं एका दमात समजेना. विहिरीवरच्या बायका कुणाचं ऐकून बोलत होत्या, ते आता कळलं. स्वतःच्या नवऱ्याला स्वतःच बदनाम करून आई घरी आली होती, आणि पोरगी रडत विचारायला आली तेव्हा गप्प बसली होती. तिचा राग आईवर निघेना, बापावर निघेना. समोर रामाजी होता.

"मले काऊन नाई सांगतलं? माझं लगन होऊन गेलं, मुलगा झाला, नवरा मेला. सासूनं मरेस्तोवर मले पळपुट्याची पोर म्हटलं. तवा काऊन नाई सांगतलं?"

"तुझ्या घरी सांगतलं असतं त तुले हाकलून देल्लं असतं त्याईनं," रामाजी म्हणाला. "मंग माझ्या पोरी झाल्या. मंग त्याईची लग्नं. आता नात हाय. कधी सांगू, तूच सांग न." आणि मग हात जोडून म्हणाला, "बाई, या लग्नापर्यंत बोलू नको. मंग तुले वाटीन ते कर."

ती हो न म्हणता निघून गेली. पण बोलली नाही कुणाजवळ. रामाजीच्या नातीचं लग्न झालं, धुरपताबाईने हळद लावली, अक्षता टाकल्या, पंगतीत वाढलं. रामाजीशी मात्र एक शब्द नाही. तो मांडवात कुठेही गेला तरी त्याला ती नजर जाणवायची. नवरदेवाकडच्या म्हाताऱ्याशी ती जरा वेळ बोलत बसली तर हा घास ताटात ठेवून तिकडेच पाहत राहायचा. तिला ते दिसत होतं. तिने त्याला तसंच राहू दिलं.

लग्नानंतर तिने सांगितलं. आधी लेकाला, मग शेजारी, मग बाजारात. लपवायचं तिला काही उरलं नव्हतं. आशाच्या माहेरचे दोन महिने घरी फिरकले नाहीत, नंतर यायला लागले. पण मोठी नवलाची गोष्ट वेगळीच झाली. लोकांनी मानलंच नाही. बाजारात तिच्या बाजूला मुरमुरे विकणारी नीलाबाई म्हणाली, "बापाची अब्रू झाकाले एवढं कायले सजवून सांगतेस बाई? गेला त गेला नाचणारीसंग." गावाला पळून गेलेला श्रीहरी सवयीचा झाला होता. आता तो कुणी बदलून घेईना. जन्मभर दुसऱ्यांवर शंका घेणाऱ्या धुरपताबाईवर पहिल्यांदाच सारं गाव शंका घेऊ लागलं. तिला ते लागलं, पण तिने कुणाशी वाद घातला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी ती एके दिवशी रामाजीच्या दारात गेली. म्हणाली, "पलीकडं जाऊन पाहू. चाल." तो आत जाऊन धोतर बदलून आला.

दोन गाड्या बदलून ते तिथे पोचले. दवाखाना आता लहान झाला होता, नवे रोगी औषध घेऊन घरी जात होते. सुवार्ताबाईंनी सांगितल्याप्रमाणे मागे, सागाच्या झाडांखाली, नाव नसलेल्या मातीच्या कबरींच्या ओळी होत्या. कोणती बापाची, ते सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. धुरपताबाईने सोबत आणलेली फुलं सगळ्या ओळींवर थोडी थोडी वाहिली. रामाजी दूरच उभा राहिला.

परतीची गाडी उशिराने होती. दोघं रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसले.

"सांग," धुरपताबाई म्हणाली.

"का सांगू?"

"तुनं नेऊन सोडलं तो दिवस. सारा सांग. खोटं मिसळू नको."

रामाजीने रुमालाने तोंड पुसलं. "पहाटं निघालो. बाबा बंडीत बसेनात. मीनं म्हटलं, बसा न. म्हणत, या बंडीत उद्या धान येईन, पोरं बसतीन, मी नाई बसत. मागं मागं चालत आले नदीपर्यंत."

"एवढं दूर? पायानं?"

"पायाले फोड आल्ता, पन त्यायले दुखेच ना. रगत निंघे आन् त्यायले मालूमच नाई. मी पाहून रडाले लागलो. मंग त्याईनं मले राजाचं भाषण म्हणाले लावलं. वाघाचं रान होतं ते. म्हणे, मोठ्यानं म्हण, वाघ पळते."

"मंग?"

"मंग मी राजाचं म्हणो, ते मागून परधानाचं म्हणत. नदीवर डोंगा होता. डोंगेवाला बसवाले तयार नव्हता, त त्याईनं म्हटलं, मी टोकावर बसतो, तू तिकडं पाह्य. बसले. मले म्हणाले, वळून पाहू नको, बैलाकडं ध्यान दे."

"आन् पाह्यलं का तुनं?"

"नाई," रामाजी म्हणाला. "त्यायनं नाई म्हटलं होतं न."

धुरपताबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं, बाजारात गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.

"पाह्यलं असशीन."

मग मान हलली त्याची. "एकडाव. ते पाठ करून बसले होते. माझ्याकडं नाई, तिकडं तोंड करून. पन हात वर करून हालवून राह्यले होते, मी पाहीन हे मालूम असल्यासारखे."

वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. धुरपताबाई उठली आणि तिने म्हाताऱ्या भावाला हाताला धरून उठवलं. गाडीत एकच जागा रिकामी होती. तिने त्याला तिथे बसवलं आणि स्वतः दांडा धरून त्याच्याजवळ उभी राहिली.